वजन, कस आणि दम : देह-वस्तुमान निर्देशांकाची एक चिकित्सा

१

लंडनहून प्रसिद्ध होणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या जानेवारी २००४ मधील एका अंकात ‘द वाय-वाय पॅराडॉक्स’ या शीर्षकाचे अवघे पानभर टिपण प्रसिद्ध झाले. त्याचे लेखक दोन : पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे वैद्यकाचे प्राध्यापक जॉन युडकिन. (साखरेच्या दुष्परिणामांवर १९७२ मध्ये ग्रंथ लिहिणारे जॉन युडकिन ते हे नव्हेत.) शीर्षकातील दोन ‘वाय’ म्हणजे दोघांच्या आडनावांची इंग्रजी आद्याक्षरे, देवनागरीतही दोहोंचा आरंभ ‘य’ नेच होतो, त्यामुळे शीर्षकातील श्लेष मराठीत अनायासे टिकून राहतो.

टिपणातील वस्तुस्थिती थोडक्यात सांगता येते. दोन्ही लेखकांचा देह-वस्तुमान निर्देशांक, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, सारखाच होता : २२.३. परंतु क्ष-किरणांच्या साहाय्याने शरीरातील मेदाचे प्रमाण मोजले असता ते युडकिन यांच्या ठायी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या ठायी २१.२ टक्के आढळले. युडकिन मॅरेथॉन धावणारे; याज्ञिक यांचे मुख्य धावणे म्हणजे सकाळी रुग्णालयातील उद्वाहनाचे दार मिटण्यापूर्वी ते गाठण्याची धडपड, असे लेखकांनी विनोदाने नमूद केले आहे. शेजारी दोघांची छायाचित्रे व आकडे दिले आहेत. यापलीकडे टिपणात फारसा विस्तार नाही.

वैद्यकाच्या विद्यार्थ्यांत हे टिपण आता पाठ्यवस्तूसारखे झाले आहे. तथापि त्यात जो प्रश्न गुंतलेला आहे, तो केवळ वैद्यकाचा नाही. ‘निर्देशांक’ म्हणजे काय, तो कशाचा निर्देश करतो, आणि निर्देश करणाऱ्या आकड्याला निर्दिष्ट वस्तूचेच नाव केव्हा व कसे चिकटते, हा अर्थविचाराचा प्रश्न आहे. त्या दृष्टीने या टिपणाची आणि त्यानिमित्ताने या मापाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

२

प्रथम मापाचा इतिहास पाहणे इष्ट ठरेल. वजन व उंचीचा वर्ग यांचे गुणोत्तर ज्याच्या नावाशी जोडले जाते, तो बेल्जियमचा आदोल्फ केतले (१७९६–१८७४) हा वैद्य नव्हता. तो खगोलशास्त्रज्ञ व सांख्यिकीविद् होता. १८३५ च्या आपल्या ग्रंथात त्याने ‘सरासरी मनुष्य’ ही कल्पना मांडली, आणि प्रौढांमध्ये वजन साधारणतः उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे निरीक्षण नोंदविले. कोणा एका माणसाचा लठ्ठपणा ठरविणे हा त्याचा हेतू नव्हता. त्याला समूहाचा नियम हवा होता.

या गुणोत्तराला आजचे नाव मिळाले ते १९७२ मध्ये. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज व त्याचे सहकारी यांनी पाच देशांतील सात हजारांहून अधिक पुरुषांच्या मोजमापांवरून निरनिराळ्या गुणोत्तरांची तुलना केली आणि त्यांतल्या त्यात हे गुणोत्तर बरे, असा निर्णय देऊन त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले. येथे दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. एक, ही तुलना पुरुषांपुरतीच होती. दोन, ‘इंडेक्स’ हा शब्द योजण्यात एक प्रकारचा संयम होता. ‘इंडेक्स’ म्हणजे तर्जनी, बोट दाखविणारे बोट. मराठीतील ‘निर्देशांक’ हा प्रतिशब्दही तितकाच नेमका आहे : जो निर्देश करतो तो अंक. बोट चंद्राकडे दाखविते. म्हणून बोट चंद्र होत नाही.

परंतु पुढील काळात या संयमाचा लोप झाला. जागतिक आरोग्य संघटनेने १८.५, २५ आणि ३० या सीमा रूढ केल्या. २००४ मध्ये तिच्याच तज्ज्ञसमितीने आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ असे अधिक दक्षतेचे टप्पे सुचविले. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी आपल्याकडे २३ पासून अतिवजन व २५ पासून स्थूलता मानावी, असे ठरविले. सीमा ठरल्या की कोष्टक होते, कोष्टक झाले की रकाने होतात, आणि रकान्यांना नावे लागतात : ‘कृश’, ‘सामान्य’, ‘अतिवजन’, ‘स्थूल’. ज्या क्षणी ‘२२’ या आकड्यापुढे ‘सामान्य’ असे लिहिले जाते, त्या क्षणी आकडा निर्देश करणे सोडून विधान करू लागतो. लक्षणेने आलेला अर्थ अभिधेच्या आसनावर बसतो, असे आपल्या शास्त्राच्या भाषेत म्हणता येईल.

३

या स्थित्यंतरातील दोष नैयायिकांच्या परिभाषेत अधिक नेमकेपणाने दाखविता येतो. ‘हा पुरुष मेदस्वी आहे, कारण त्याचा निर्देशांक मोठा आहे’ हे अनुमान आहे. निर्देशांक हा हेतू, मेद हे साध्य. अनुमान खरे ठरण्यास हेतू व साध्य यांची व्याप्ती निरपवाद हवी. ‘जेथे धूर तेथे अग्नी’ ही व्याप्ती निरपवाद आहे. ‘जेथे अग्नी तेथे धूर’ ही मात्र नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असून धूर नसतो. अग्नीवरून धुराचे अनुमान करावयाचे तर ‘ओल्या इंधनाचा संयोग’ ही उपाधी लागते.

निर्देशांकाचे नेमके असेच आहे. १७० सेंटीमीटर उंचीचा आणि ८५ किलोग्रॅम वजनाचा माणूस घेतला, तर त्याचा निर्देशांक २९.४ येतो. भारतीय कोष्टकाप्रमाणे तो निःसंशय स्थूल. हा माणूस दिवसभर गादीवर बसणारा व्यापारी असेल, तर अनुमान बहुधा खरे ठरेल. तो लाल मातीत घाम गाळणारा मल्ल असेल, तर ते खोटे ठरण्याचा मोठा संभव आहे. कारण तराजूला स्नायू व मेद यांतील भेद कळत नाही. तेव्हा ‘शरीरश्रम अल्प आहेत’ ही येथील ओल्या इंधनाची उपाधी होय. ती सांगितली तर अनुमान चालते. दडविली तर तो सव्यभिचार हेत्वाभास होतो.

याज्ञिक–युडकिन टिपणाचे महत्त्व असे की, त्याने व्यभिचार दुसऱ्या दिशेने दाखविला. आकडा मोठा असून मेद थोडा, हे मल्लांच्या उदाहरणाने सर्वांना ठाऊक होते, आणि ते अपवाद म्हणून बाजूला सारता येत असे. आकडा ‘सामान्य’ असून मेद अधिक, हे मात्र मल्लांचे नव्हे, तर आपल्या शाळाकचेऱ्यांतील असंख्य सडपातळ माणसांचे चित्र आहे. पहिल्या चुकीने निरोगी माणसावर उगाच शिक्का बसतो. दुसऱ्या चुकीने रोगाच्या वाटेवर असलेला माणूस निर्धास्त राहतो. दोहोंत दुसरी अधिक घातक, हे सांगावयास नको.

४

तथापि या टिपणाची स्तुती करताना त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्यातील दोन देह हा दृष्टान्त आहे, सिद्धान्त नव्हे. ‘सर्वत्र असेच असते’ हे एका उदाहरणाने सिद्ध होत नाही. ‘सर्वत्र तसे नसते’ हे मात्र एका उदाहरणानेही सिद्ध होते. टिपणाचे सामर्थ्य या निषेधात आहे, आणि त्याचा उपयोग तेवढ्यापुरताच करणे न्याय्य होईल.

दुसरी मर्यादा त्यातील विनोदातून उद्भवते. एक धावतो, दुसरा धावत नाही, असे शेजारी शेजारी मांडले की वाचकाच्या मनात कार्यकारणभाव आपोआप जुळतो : धावला म्हणून मेद कमी, न धावला म्हणून अधिक. लेखकांनी हे एकमेव कारण मानलेले नाही. पण वाक्यरचनेची ओढ तिकडेच आहे. याज्ञिक यांचे स्वतःचे संशोधन या सोप्या अर्थाच्या विरुद्ध जाते. पुणे जिल्ह्यातील खेड्यांत जन्मलेल्या अर्भकांची त्यांनी इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या अर्भकांशी तुलना केली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आपल्याकडील अर्भकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम, तर तिकडील सुमारे ३.५ किलोग्रॅम आढळले. वजनात, स्नायूंत, पोटातील इंद्रियांच्या वाढीत आपली अर्भके मागे; पाठीवरील त्वचेखालच्या मेदात मात्र ती त्या मानाने फारशी मागे नव्हती. त्यांना ‘कृश-मेदस्वी’ अर्भक हे नाव मिळाले. एक दिवसही न धावलेल्या आणि एक दिवसही आळस न केलेल्या जीवाच्या ठायीच जर ही ठेवण दिसते, तर तिचे मूळ आईच्या पोषणापर्यंत जाते, हे उघड आहे. ‘बाळसे धरणे’ हा आपल्याकडील कौतुकाचा वाक्प्रचार. परंतु बाळसे कशाचे, मांसाचे की मेदाचे, हा प्रश्न त्या वाक्प्रचाराने कधी विचारला नव्हता.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची आहे. टिपणात मोजला गेला तो मेद. धावण्याची क्षमता मोजली गेली नाही. ती मॅरेथॉनच्या उल्लेखाने सूचित केली गेली, एवढेच. मेदाचे प्रमाण म्हणजे तंदुरुस्ती नव्हे. वजनाच्या जागी मेद ठेवला, तरी एका बोटाच्या जागी दुसरे बोट आले, इतकाच फरक होतो. वजन, मेद आणि शरीराची कार्यक्षमता या तीन भिन्न वस्तू आहेत. त्यांपैकी पहिल्या दोहोंचा घोटाळा या टिपणाने सोडविला, दुसऱ्या व तिसऱ्यांचा घोटाळा तसाच राहू दिला.

५

या तीन वस्तूंचा विवेक आपल्या परंपरेत व बोलीत अगोदरच होता काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो.

चरकसंहितेच्या विमानस्थानात रोग्याची परीक्षा दहा अंगांनी करावी, असे सांगितले आहे. त्यांत सार, संहनन, प्रमाण आणि व्यायामशक्ती ही चार स्वतंत्र अंगे आहेत. ‘प्रमाण’ म्हणजे मोजमाप. ‘संहनन’ म्हणजे देहाची घट्ट बांधणी. ‘सार’ म्हणजे धातूंचा कस. आणि ‘व्यायामशक्ती’ ही प्रत्यक्ष कर्म करण्याच्या शक्तीवरूनच तपासावी, असा स्पष्ट निर्देश आहे. त्याच प्रकरणात, केवळ शरीर पाहून वैद्याने फसू नये, धिप्पाड दिसणारा दुर्बळ आणि किरकोळ देहाचा बलवान असू शकतो, असे सांगून मुंगीच्या भारवहनाचा दाखला दिला आहे. चरकाजवळ क्ष-किरण नव्हते. म्हणून या उताऱ्यावरून आधुनिक शोधाचे श्रेय त्याला देणे हा उत्साहाचा अतिरेक होईल. परंतु प्रमाण एक आणि व्यायामशक्ती दुसरी, हा पदार्थविवेक त्याच्या मांडणीत आहे, आणि आजच्या कोष्टकात तो नाही, इतके म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

बोलीकडे वळले तर गडहिंग्लज परिसराची भाषा या बाबतीत विशेष बोलकी आहे. हिरण्यकेशीच्या काठचा हा तालुका कर्नाटकाच्या सीमेला भिडलेला. तालमींची परंपरा आणि फुटबॉलचे वेड दोन्ही येथे नांदतात. पहाटे रस्त्याने धावणाऱ्या, सैन्याच्या व पोलिसांच्या भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांचे दृश्यही या भागात नित्याचे. अशा ठिकाणी शरीराविषयीचे शब्द निष्काळजीपणे वापरले जात नाहीत. गडी ‘अंगानं भरलेला’ आहे, ही एक गोष्ट. त्याच्या ‘अंगात कस आहे’, ही दुसरी. आणि तो ‘दमाचा आहे’, ही तिसरी. ‘दिसायला धिप्पाड, पण दम नाही’ हे वाक्य येथे विरोधाभास नव्हे, साधे निरीक्षण आहे.

यांतील ‘कस’ हा शब्द सोनाराच्या कसोटीवरून आलेला. सोनाराजवळ तराजू व कसोटी दोन्ही असतात. तराजू सोने किती ते सांगतो. कसोटी ते कसे आहे ते सांगते. सोने पारखावयास आलेल्या गिऱ्हाइकाला केवळ वजन सांगून सोनार वाटेला लावू शकत नाही. ‘दम’ हा फारसीतून आलेला, मूळ अर्थ श्वास. ‘दम लागणे’, ‘दमछाक होणे’, ‘दमसास’, ‘दमदार’ या सर्व प्रयोगांत क्षमतेचे माप श्वासाने घेतले आहे. आधुनिक व्यायामविज्ञान क्षमतेचे प्रमुख माप म्हणून शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, ते पाहते. हे माप पूर्वीपासून प्रयोगशाळेत घेतले जात असे. केनेथ कूपर यांनी बारा मिनिटांत किती अंतर धावता येते यावरून त्याचा अंदाज बांधण्याची पद्धत १९६८ मध्ये प्रसिद्ध केली. ‘दम’ या शब्दाचा रोख त्याच दिशेला आहे.

आणखी एक भाषिक निरीक्षण येथे नोंदविण्यासारखे आहे. वजन घटण्याविषयीची मराठीतील जुनी क्रियापदे पाहिली, तर रोडावणे, वाळणे, खंगणे, झिजणे ही सर्व अकर्मक आहेत आणि सर्वांत काळजीची छटा आहे. माणूस रोडावतो, तो स्वतःला रोडावत नाही. ‘वजन घटवणे’, ‘वजन उतरवणे’ हे सकर्मक प्रयोग त्यामानाने नवे. ज्या समाजाला दीर्घकाळ अन्नाची चणचण माहीत होती, त्याच्या भाषेत कृश होणे हे भोगणे होते, करणे नव्हते. नव्या सकर्मक प्रयोगाबरोबर कर्ता आला, आणि कर्त्याबरोबर दोषारोपही आला : ज्याचे वजन उतरत नाही, तो उणा. निर्देशांकाचा आकडा या दोषारोपाला शास्त्राचे पाठबळ देतो.

६

वजन आणि कस यांचा खरा संबंध कोणता, हे कुस्तीच्या व्यवहारातून उत्तम कळते. राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी खाशाबा जाधव हे १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले, आणि १९५२ मध्ये हेलसिंकी येथे बँटमवेट, म्हणजे ५७ किलोग्रॅमच्या गटात कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेते ठरले. दोन्ही वेळी तराजू त्यांच्या वाटेत होता. पण तराजूने त्यांचा क्रमांक ठरविला नाही. त्याने फक्त जोड ठरविली. त्या गटातील सारेच मल्ल एका वजनमर्यादेतले. तरी एक जिंकतो, बाकीचे हरतात. तराजूचे काम जेथे संपते, तेथे कुस्ती सुरू होते. वजन वर्गवारी करते, गुणवारी करीत नाही, हे तत्त्व यापेक्षा स्पष्ट क्वचितच दिसेल.

त्या मर्यादेचा काच किती असू शकतो, हे ७ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये दिसले. ५० किलोग्रॅमच्या गटात अंतिम फेरी गाठलेली विनेश फोगाट सकाळच्या वजनात १०० ग्रॅम अधिक भरली आणि अपात्र ठरली. नियम म्हणून तो निर्णय काहीही असो. त्या १०० ग्रॅमांचा तिच्या कसाशी संबंध नव्हता, हे आदल्या दिवशीच्या कुस्त्यांनी दाखविले होते.

धावण्याच्या बाबतीत मात्र विवेक थोडा सूक्ष्म करावा लागतो. धावणारा आपला भार स्वतः वाहतो. म्हणून वजन येथे सर्वस्वी अप्रस्तुत नाही. किंबहुना प्राणवायूच्या वापराचे माप दर किलोग्रॅम वजनामागे सांगण्याची प्रथा असल्याने वजन त्या मापाच्या छेदातच बसलेले आहे. मिनिटाला ३ लिटर प्राणवायू वापरणाऱ्या ७५ किलोग्रॅमच्या माणसाचे हे माप दर किलोग्रॅमला ४० मिलिलिटर येते. तोच माणूस ७० किलोग्रॅमचा झाला, तर हृदयात काही फरक न पडताही ते सुमारे ४३ होते. तेव्हा हलके झाल्याने धावणे सुधारते, हा अनुभव खरा आहे.

परंतु याचा व्यत्यास खरा नाही. धावण्यास एका किलोमीटरला, वजनाच्या दर किलोग्रॅममागे, सुमारे एक किलोकॅलरी खर्च होते. ६० किलोग्रॅमचा तरुण रोज ५ किलोमीटर धावला, तर सुमारे ३०० किलोकॅलरी. आणि एक किलोग्रॅम मेदात सुमारे ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. म्हणजे आहार तोच राहिला, तरी एक किलोग्रॅम मेद जाण्यास सुमारे २६ दिवस हवेत. आणि धावणाऱ्याची भूक वाढते, त्यामुळे आहार तोच राहत नाही. मध्यंतरी पायांचे स्नायू भरतात, स्नायूंत साखरेचा साठा व त्याबरोबर पाणी वाढते. अशा वेळी तराजूचा काटा जागेवरच राहतो, आणि धावणारा म्हणतो, ‘फरक पडत नाही’. वस्तुतः जिना चढताना दम लागेनासा झालेला असतो. फरक पडलेला असतो; तो फक्त तराजूवर दिसत नाही. स्टीव्हन ब्लेअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अमेरिकन पुरुषांच्या दीर्घकालीन पाहणीवरून दाखविले, की सडपातळ पण दम नसलेल्यांचा मृत्यूचा धोका स्थूल पण दमदार असलेल्यांपेक्षा अधिक होता. यावरून स्थूलता निरुपद्रवी ठरत नाही. परंतु ती दमाच्या जागी उभी करता येत नाही, हे ठरते.

याच्या उलट, घामाने किंवा उपासाने दोन दिवसांत उतरविलेले वजन तराजूला तत्काळ दिसते. त्यात मेद नाममात्र, पाणी मुख्य. म्हणजे ज्या बदलाने माणूस सबळ झाला तो काट्याला दिसत नाही, आणि ज्याने तो क्षीण झाला तो दिसतो.

७

या चिकित्सेवरून निर्देशांक टाकून द्यावा, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. त्याला एक तराजू व एक फीत पुरते. गावोगावच्या आरोग्यकेंद्रांत तो वापरता येतो. आणि समूहाची स्थिती दहा वर्षांत कोठून कोठे गेली, हे सांगण्यास तो उपयुक्त आहे. केतलेने तो समूहासाठीच योजला होता. आक्षेप आहे तो समूहाचे माप व्यक्तीच्या माथी मारण्यास. वैद्यकानेही आता हे मान्य केले आहे. २०२३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने आणि जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’च्याच एका आयोगाने, व्यक्तीच्या निदानात हा आकडा एकटा वापरू नये, त्याबरोबर कमरेचा घेर वा मेदाचे प्रत्यक्ष मापन पाहावे, अशी भूमिका घेतली. भारतीय प्रौढांसाठी कमरेची मर्यादा पुरुषांस ९० व स्त्रियांस ८० सेंटीमीटर अशी २००९ मध्येच सुचविली गेली होती.

परंतु कमरेचा घेर हाही मेदाचाच निर्देश, दमाचा नव्हे. दमाचे माप धावूनच घ्यावे लागते. या बाबतीत पोलिसभरतीची रीत, तिच्या इतर उणिवा काहीही असोत, कोष्टकापेक्षा अधिक शहाणी आहे. २०२४ च्या भरतीत शिपाईपदाच्या पुरुष उमेदवारास उंची १६५ सेंटीमीटर आणि छाती न फुगविता ७९ सेंटीमीटर असण्याची अट होती. या प्रवेशाच्या अटी. त्यांना गुण नाहीत. शारीरिक चाचणीचे ५० गुण १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक यांना होते. प्रमाण दारापाशी, व्यायामशक्ती मैदानात : चरकाच्या दोन अंगांची ही विभागणी तेथे, बहुधा नकळत, पाळली गेली आहे.

‘फिट’ हा शब्द मराठीत आता घरचा झाला आहे. या शब्दाला स्वभावतः चतुर्थीची अपेक्षा असते : कशासाठी फिट? रणासाठी, शेतासाठी, दीर्घायुष्यासाठी, की कोष्टकासाठी? ही आकांक्षा पूर्ण न करता ‘फिट’ व ‘अनफिट’ असे निर्णय देणारे वाक्य व्याकरणदृष्ट्या अपुरे आणि व्यवहारदृष्ट्या अन्यायाचे असते. आकड्यापुढे ‘सामान्य’ हा शब्द पाहून निश्चिंत होणारा सडपातळ गृहस्थ, आणि ‘अतिवजन’ हा शब्द पाहून धावणेच सोडून देणारा तरुण, दोघेही या अपुऱ्या वाक्याचे बळी आहेत. तराजू आपले काम चोख करतो. त्याला कसोटीचे काम सांगणे हा तराजूचा दोष नव्हे.